सल्दुस, म्हणजे गोड

आमच्या घरात मीठ बघायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. मी स्वयंपाक करताना चव घेत नाही. माहेरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कशालाही जीभ लावायची नाही असा दंडक होता. आई मीठ हाताच्या अंदाजाने घालायची आणि तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. मी तिचा दंडक तेवढा उचलला, तिचा हात काही मला उचलता आला नाही. लग्न होऊन मिशिगनला आल्यावर रोजचा नैवेद्य हळूहळू मागे पडला, देव कपाटाच्या एका फळीवर आले, पण उकळत्या आमटीचा चमचा तोंडाला लावायला मात्र मन धजेना. मग मी हाक मारायची, "अरे, मीठ बघ ना."

तो असेल तिथून यायचा. गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करणारा माणूस, गराजमधून हात पुसत यायचा, मीटिंग म्यूट करून यायचा, एकदा तर अर्धी दाढी करून आला होता. पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "किंचित" म्हणजे अजून घाल. "पाहुणे बोलाव, पाणी वाढवू" म्हणजे खारट. आणि बरोबर असलं तर एकच शब्द, "चोख."

चोख हा सोन्याला लावायचा शब्द, फार तर हिशेबाला. आमटीला चोख म्हणणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. आमटी काय सराफाकडून आणली आहे का, असं मी त्याला सुरुवातीला विचारलं होतं. तो म्हणाला, "अगं, छान म्हटलं की तुला तोंडदेखलं वाटतं. चोख म्हणजे मोजून सांगितलं."

मार्चमध्ये तो गेला. ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ काळा पडून विरघळत होता. छातीत दुखतंय म्हणाला, अँब्युलन्स वेळेवर आली, सगळ्यांनी करायचं ते सगळं केलं, आणि तो गेला. याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहिता येत नाही.

त्यानंतर आमच्या घरात आमटी एक तर अळणी होते नाही तर खारट. ते कळतं पानावर बसल्यावर. पहिल्या घासाला माझी मान आपोआप वर होते, समोरची खुर्ची दिसते, मग मी तशीच जेवते. वरून मीठ घेण्याचा कंटाळा येतो असं नाही. पण तसं केलं की कोणीतरी कामावर आलं नाही आणि त्याचं काम आपण उरकलं, असं वाटतं.

त्याचे विधी इथल्या सोयीने झाले. मंदिरातल्या गुरुजींनी दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचं सगळं एका सकाळी एकत्र केलं. मुलगी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून आली होती, तिची रजा संपत आली होती, आणि गुरुजींनाही दुसरीकडे गृहप्रवेश होता. सगळे समजूतदारपणे वागले. पुढचे काही दिवस आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांतून जेवण येत राहिलं. पिठलं, भात, मुगाची खिचडी, मऊ पोळ्या. सुतक पाळून, गोड टाळून, जपून केलेलं जेवण. मुलीला मी विमानतळावर सोडलं, गाडी परत आणली, आणि मग ॲल्युमिनियमचे ट्रेही येईनासे झाले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आमच्याकडे तेरावं झालं की गोड करतात. माहेरची नाही तर शेजारची, जवळची माणसं येतात, गोडाचा स्वयंपाक करतात आणि मागे राहिलेल्याला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवतात. त्यानंतर माणसाने सणावाराला जायचं, लोकांत मिसळायचं, हसायलाही हरकत नसते. माझी आई गेली तेव्हा पुण्यात माझ्या मावशीने भावाला आणि मला श्रीखंडाचं बोट चाटवलं होतं आणि म्हणाली होती, "पुरे आता." हे स्वतःचं स्वतः करता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो. इथे प्रत्येक घराला वाटलं असणार की दुसऱ्या घराने केलं असेल. मुलीला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. कोणाची चूक म्हणून मी हे लिहीत नाही. राहून गेलं, एवढंच.

मी काही व्रत धरलं नव्हतं. पण गोड समोर आलं की हात मागे यायचा. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मोदकांच्या टेबलापाशी मी उगाच कागदी नॅपकिन सारखे करत उभी राहिले. दिवाळीला, घरात माणूस गेलेलं म्हणून, रीतीप्रमाणे फराळ आला. तोही पोर्चवर. बेल वाजली, मी जाईपर्यंत गाडी वळून गेली होती, आणि फोनवर मेसेज होता, "काकू, डबा ठेवलाय, रिटर्न करायची घाई नाही." चिवडा मी खाल्ला. लाडू फ्रीजरमध्ये ठेवले. डबा दारात आला होता, त्याच्यामागे हात नव्हता. चहातली साखर मी नेमकी कधी बंद केली ते मलाच आठवत नाही. मुलीने व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाली, "गुड फॉर यू, आई. शुगर इज द वर्स्ट."

आता आमच्या समोरच्या शेजारणीबद्दल सांगायला हवं.

ती लिथुआनियन. म्हणजे तिचे आईवडील लिथुआनियन, महायुद्धात देश सुटला, ती जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मली आणि चालायला लागायच्या वयात मिशिगनला आली. लिथुआनिया तिने म्हातारपणीच पाहिला, आठवडाभर, टूरच्या बसमधून. सारा जन्म तिने दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काढला. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, उंच, तुटक बोलणारी. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, पण माझ्या मनात ती मला अगं-तुगं करते आणि मी तिला तुम्ही म्हणते. इथे तसंच लिहिते.

आमची ओळख झाली ती एका शब्दामुळे. टपालपेटीपाशी बर्फ झटकत ती म्हणाली की उद्या मुलगा येतोय, आणि बोलता बोलता मुलाला तिने तिच्या भाषेतला शब्द वापरला, सूनुस. मी लग्नाआधी संस्कृत घेऊन एम.ए. केलं होतं. त्याचा अमेरिकेत मला कधी काही उपयोग झाला नव्हता. इथल्या ग्रंथालयात मी पुस्तकांना लेबलं लावायचं काम केलं. पण सूनु म्हणजे मुलगा हे मला त्या थंडीतही ऐकू आलं. मी तिला ते सांगितलं. तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि विचारलं, "दात?" मी म्हणाले, "दन्त." ती म्हणाली, "दन्तिस." मग तिने समोरच्या घराच्या धुराड्याकडे बोट दाखवलं. मी धूम म्हणाले, ती दूमस म्हणाली. आम्ही दोघी तिथे पाय गारठेपर्यंत उभ्या होतो.

नंतर वर्षानुवर्षं तो खेळ चालला. अग्नी आणि उग्निस. मेंढीला आमची अवि, त्यांची आविस. मध म्हणजे मधु, त्यांचा मेदुस. माझा नवरा गराजमधून आम्हाला बघायचा आणि विचारायचा, "काय, आज किती पार्ट जुळले?" त्याच्या मते आम्ही दोन भंगारात निघालेल्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून त्यांचे नटबोल्ट एकमेकींना बसवून बघत होतो. तिला ते फार आवडायचं. तीही मग पार्ट म्हणू लागली. "हा पार्ट बसत नाही," ती एखाद्या शब्दाला म्हणायची, "हा रशियन मेकचा आहे."

तो गेल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा काळी, जड, राय धान्याच्या पिठाची पाव-लादी घेऊन आली. माझ्या टेबलाशी बसली. सांत्वनाचं काही बोलली नाही. तिचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. निघताना म्हणाली, "पाव कसा झालाय मला विचारू नकोस. मला कळत नाही." आदल्या हिवाळ्यातल्या तापानंतर तिची चव आणि वास दोन्ही गेले होते. थोडं परत आलं, मग पुन्हा गेलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "मी आता आठवणीतून खाते."

मला तेव्हा वाटलं होतं की आपण एकमेकींच्या फार उपयोगाच्या नाही. एकीला चव लागत नाही आणि दुसरी चव घेत नाही.

डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, तिचा फोन आला. मुलगा येणार होता, पण वादळामुळे त्याची फ्लाइट कॅन्सल झाली होती. त्या संध्याकाळी त्यांचं मोठं जेवण असतं, कूचोस म्हणतात. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. हेरिंग मासा असतो तेवढा सोड आणि बाकीचं सगळं तुला चालेल, असं ती म्हणाली. मी नेहमीसारखं, तुम्ही कशाला त्रास घेता वगैरे सुरू केलं. तिने मला थांबवलं.

"त्या टेबलावर एक ताट वर्षभरात गेलेल्या माणसाचं मांडायचं असतं," ती म्हणाली. "यंदा आमच्यात कोणी गेलं नाही. तुझा चालेल का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आपल्याकडेही गेलेल्याचं पान वाढतात. कावळ्यासाठी, पितरांसाठी. इथे वाढलं नव्हतं, कारण सगळं एका सकाळी उरकलं होतं.

मी अंधार पडता पडता रस्ता ओलांडून गेले. तिने टेबलावर पांढरी चादर घातली होती आणि चादरीखाली वाळलेलं गवत पसरलं होतं, त्यामुळे ताटल्या किंचित डुगडुगत होत्या. दोन खुर्च्या आमच्या. तिसऱ्या जागी रिकामी ताटली, वाटी, एक मेणबत्ती आणि सुरूची छोटी फांदी. खरं तर पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं असतं, असं तिने सांगितलं. "पण मिशिगनच्या डिसेंबरात ताऱ्याची वाट पाहिली तर आम्ही सगळे उपाशी मेलो असतो. म्हणून आम्ही कायम तुमच्या पोर्चचा दिवा लागला की बसतो." मला हे माहीत नव्हतं. तो दिवा टायमरवर होता. टायमर त्याने लावला होता, आणि मला तो बदलता येत नाही म्हणून तो अजून तसाच चालतो आहे.

तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. जाता जाता ओट्यावरच्या पातेल्याकडे हात करून म्हणाली, "ते जरा बघ, पुरेसं सल्दुस आहे का. नसलं तर घाल."

स्वयंपाकघरात तिचं इंग्रजी असंच मधेमधे सुटायचं. पातेल्यात खसखस वाटून काढलेलं राखाडीसर दूध होतं. खसखस आपल्याकडे वाटणातही जाते आणि गोडातही. आपलं सार असतं तसं काहीतरी मला ते वाटलं. आणि सल्दुस हा शब्द मी पूर्वी ऐकला नव्हता, पण मला तो ऐकल्याबरोबर कळला. सूनुस कळला होता, मेदुस कळला होता, मग यात न कळण्यासारखं काय होतं? त्यात सॉल्ट स्पष्ट ऐकू येत होतं. लॅटिनमध्येही मीठ सालच. मीठ बघ, असं ती मला सांगत होती.

त्या घरात, त्या दिवशी, मीठ बघ असं मला सांगत होती.

मी चव घेतली नाही. एक तर सवय नाही. शिवाय त्याचं पान अजून वाढायचं होतं, आणि पान वाढायच्या आधी उष्टं कसं करायचं? ओट्यावर मिठाची बरणी होती. मी आईसारखं हाताच्या अंदाजाने घातलं. चिमूट नाही, जरा सढळच. ढवळलं आणि झाकण ठेवलं.

ती परत आली, मेणबत्ती लावली. आधी एक पातळ, कागदासारखा पांढरा पापुद्रा असतो तो खायचा. पण आपला आपण नाही. मी तिच्या हातातला तुकडा मोडायचा, तिने माझ्या हातातला. त्याला काही चव नव्हती. मग बीट आलं, अळिंबी, वाल, उकडलेले बटाटे. प्रत्येक पदार्थाला ती माझ्याकडे बघत विचारायची, याला काही चव आहे का? आणि मी सांगायची. बिटाला थोडं मीठ हवं होतं. अळिंबी चांगली झाली होती. वाल खारट. ती मान हलवून ऐकत होती, एखाद्याने हवामान सांगावं तशी. माझ्या लक्षात यायला वेळ लागला की आज निकाल मी देते आहे.

शेवटी तिने ते खसखशीचं दूध आणलं. आधी त्याच्या वाटीत वाढलं, मग आमच्या. वर लहान लहान कडक बिस्किटं टाकली. मग माझ्या वाटीतला चमचा तिनेच उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"ओपन," ती म्हणाली.

हा शब्द तिने दवाखान्यात किती लोकांना किती वेळा म्हटला असेल कोण जाणे. त्याला नाही म्हणता येत नाही. मी तोंड उघडलं.

आधी मीठ लागलं. मग त्या मिठाच्या मागून, सावकाश, गोड आलं. मला वाटलं आपली जीभच काहीतरी चुकीचं सांगते आहे. मी ते तोंडात धरून बसले. नऊ महिने जे मी मोदकांपासून, लाडवांपासून, चहापासून दूर ठेवलं होतं ते एका चमच्यातून आत आलं होतं, आणि चमचा दुसऱ्याच्या हातात होता. मी गिळलं.

"काय झालं?" तिने विचारलं. "रडतेस का?"

"तुम्ही मला मीठ घालायला सांगितलंत," मी म्हणाले.

"मी? मीठ? मी सल्दुस म्हटलं. सल्दुस म्हणजे गोड."

मग मी काय केलं ते सांगितलं. तिने आधी आपल्या वाटीत वाकून पाहिलं. मग हसायला लागली, इतकी की गवतावरच्या ताटल्या हलायला लागल्या. "आणि मी अख्खं पातेलं प्यायले असते," ती म्हणाली, "आणि उद्या मुलाला सांगितलं असतं की यंदा अगदी माझ्या आईसारखं झालं होतं." मग तिचं लक्ष तिसऱ्या वाटीकडे गेलं. "त्यालाही तेच वाढलंय."

"त्याला कळलं असतं," मी म्हणाले.

"काय म्हणाला असता?"

"पाहुणे बोलाव म्हणाला असता."

तिने मधाची बाटली आणली आणि मला विचारून विचारून तीनही वाट्यांत मध घातला. मेदुस. हा पार्ट तरी नीट बसला. पुन्हा चमचा उचलला, पुन्हा ओपन. मीठ अजून होतं, पण आता ते खाली कुठेतरी होतं, गोडाला धरून.

"आता?"

"चोख," मी म्हणाले. तो शब्द माझ्या तोंडून त्याआधी कधी आला नव्हता.

"हा कुठला पार्ट?"

"हा त्याचा," मी म्हणाले.

कूचोसचं टेबल जेवल्यावर आवरत नाहीत. गेलेली माणसं येऊन खातात म्हणून सगळं तसंच ठेवतात. त्यामुळे भांडी घासायची सबब नव्हती आणि आम्ही तशाच बसून राहिलो. मी तिला आमच्या गोड करण्याबद्दल सांगितलं, ते कसं राहून गेलं तेही. तिने हातातला चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली की म्हणजे ते आता तिने केलं असं धरायचं का, कारण तिला तर कशाची चवच लागत नाही.

"गोड करायला चव लागत नाही," मी म्हणाले. "हात लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शब्दकोश काढून बसले. एवढी ढोबळ चूक माझ्या हातून कशी झाली हे मला बघायचं होतं. लिथुआनियन भाषेचा व्युत्पत्तिकोश आता संगणकावर मिळतो. त्यात सल्दुस सापडला. विशेषण, अर्थ गोड. आणि खाली त्याचं मूळ दिलं होतं, ते मिठाचंच. सल्दुस म्हणजे मुळात मीठ घातलेलं, मग मीठ घातलेलं म्हणजे चवीचं, मग चवीचं म्हणजे गोड. मिठासाठी त्या भाषेने पुढे वेगळाच शब्द घेतला, द्रुस्का, ज्याचं नातं चुऱ्याशी, कणांशी लावतात. म्हणजे मी चुकले नव्हते. काही हजार वर्षं उशिरा पोचले होते.

मग मला आपला शब्द आठवला आणि मी पुण्याहून आणलेला जाड संस्कृत कोश खाली काढला. आपण ज्याला मीठ म्हणतो तो शब्द आला आहे मिष्ट या शब्दापासून, म्हणजे गोड, रुचकर. हिंदीत तो गोडच राहिला, मीठा. आमच्या मुलीला हे कोशाशिवाय कळलं होतं. लहानपणी ती इथल्या एका दिल्लीच्या कुटुंबात जेवायला गेली आणि तिने काकूंकडे मीठ मागितलं. त्यांनी कौतुकाने खिरीची वाटी आणून ठेवली. त्यानंतर मी कधीही मीठ आण म्हटलं की ती कपाटापाशी थांबून विचारायची, "सॉल्टवालं मीठ की स्वीटवालं?" तिचा बाबा दर वेळी नव्याने हसायचा.

तर एक शब्द मिठापासून निघून गोडापाशी पोचला, आणि दुसरा गोडापासून निघून आपल्या मिठाच्या बरणीत येऊन बसला. वाटेत ते एकमेकांना ओलांडून गेले असतील तर ते ठिकाण एकच असणार, चवीचं. कोणीतरी जिभेवर थेंब घेतला आणि बरं आहे म्हणाला, तिथे.

आणि मिष्टच्याही मागे आणखी एक शब्द होता. जाणकार त्याचं मूळ मृष्ट असं देतात. मृष्ट म्हणजे घासलेलं, पुसलेलं, निर्मळ. मराठीत एका शब्दात सांगायचं झालं तर चोख.

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. बाहेर शेजारच्या कोणाचं तरी बर्फ उपसायचं यंत्र चालू होतं. याला मी काही मोठा अर्थ चिकटवत नाही. त्या भाषांना आमची आमटी माहीत नव्हती, आणि त्याने हा शब्द कोशात पाहून उचलला नव्हता. त्याला तो सुचला होता. पण हे त्याला सांगायला हवं होतं. आज एक पार्ट जुळला, तुझाच, असं गराजच्या दारातून सांगायला हवं होतं. मी कोश मिटून जागेवर ठेवला.

दुपारी मुलीचा फोन आला. तिकडे सनीव्हेलला ऊन होतं, ती चालता चालता बोलत होती.

"आई, काल समोरच्या मावशींकडे डिनर कसं झालं?"

"गोड झालं," मी म्हणाले.

"ऑ, स्वीट." ती काही पावलं चालली असेल. "वेट. गोड झालं म्हणजे?"

मग मी तिला सांगितलं. गोड करणं म्हणजे काय, ते का करतात, ते कोणी करायचं असतं. तिच्या चालण्याचा आवाज थांबला. पलीकडून एक गाडी गेली.

"आणि चहा?" तिने विचारलं. "चहातली शुगर? दॅट वॉज व्हाय?"

मी हो म्हटलं.

"मी गुड फॉर यू म्हटलं होतं, आई."

"अगं, तुला काय माहीत?"

"नो, पण मी म्हटलं होतं." मग ती ठरवून टाकल्यासारखं म्हणाली की न्यू इयरला ती येते आहे, तिकीट आत्ताच बघते, आणि पुन्हा एकदा करायला चालत असेल तर तिच्या हाताने करायचं. तिला शिरा येतो. बाबांनी फोनवरून शिकवला होता. "पण मी टेस्ट करत नाही कुक करताना. तुझ्यासारखंच. सो मीठ तू बघायचं."

"शिऱ्यात?"

"चिमूटभर घालतात ना? बाबा म्हणायचे, त्याशिवाय गोड नीट लागत नाही."

हे तो तिला कधी म्हणाला होता मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं, ये, मीठ मी बघेन. ती लगेच म्हणाली, "सॉल्टवालं की स्वीटवालं?" तिने तो जुना विनोद पुरा केला. मीही हसले.

फोन ठेवल्यावर मी चहा टाकला. साखरेचा डबा मागच्या रांगेत गेला होता, साखरेचे खडे झाले होते, ते चमच्याने फोडावे लागले. एक चमचा घातली, ढवळली. मग कप उचलायच्या आधी, ओट्यापाशी उभी राहून, चमच्यातला थेंब तळहातावर घेतला आणि डोळे मिटले.

"किंचित," मी म्हणाले आणि आणखी थोडी घातली.